मुलांचे पथक आणि आपण आईबाप

स्मरणिकेसाठी काही तरी लिहा, असे आपल्या मंडळाच्या चिटणीसबाईंनी सांगितले, तेव्हा पाककृती लिहावी की मंडळाच्या जुन्या आठवणी लिहाव्या, असा माझ्यापुढे प्रश्न होता. गेल्या महिन्यातील एका शनिवारी तो प्रश्न आपोआप सुटला. आपल्या सभागृहामागच्या पटांगणात दर शनिवारी सायंकाळी मुलामुलींचे कब-बुलबुल पथक भरते, हे आपण सर्वजणी जाणतोच. अकरा वर्षे ज्या ताईंनी हे पथक चालवले, त्या आता मुलाकडे नाशिकला राहावयास जाणार आहेत. म्हणून त्यांनी पालकांची सभा बोलावली. पथकात मुले अडतीस. सभेला आया आल्या नऊ आणि वडील एक. ताईंनी हिशेबाची वही, शिट्टी, दोरांची पिशवी आणि प्रथमोपचाराची पेटी समोर मांडली आणि शांतपणे विचारले, "आता हे कोणाकडे देऊ?"

आम्ही सर्वजणी सतरंजीकडे पाहू लागलो. खोटे कशाला सांगू, मीही सतरंजीच पाहत होते. माझा थोरला ह्याच पथकातून वर गेला, धाकटी अजून जाते. सहा वर्षे मी मुलांना फाटकापर्यंत पोचवीत आले; आणि सहा वर्षांत फाटकाच्या आत गेले ती फक्त वार्षिक कार्यक्रमाला, टाळ्या वाजवायला. ताईंनी कोणाला काही बोल लावला नाही. "विचार करून सांगा," एवढेच म्हणाल्या आणि पिशवी उचलून घरी गेल्या.

त्या रात्री मला झोप लागेना. ही सारी चळवळ मुळात कोणी वाढवली, कोणाच्या बळावर ती चालली, हे तरी पाहू, म्हणून मी वाचावयास बसले. जे वाचले, ते आपल्यासमोर ठेवते. इतिहास म्हटला की आपल्याला मोठमोठ्या पुरुषांची नावे आठवतात. ह्या इतिहासात तीही आहेत. परंतु पदर खोचून, बाही सारून उभी राहिलेली साधी माणसे त्यांत अधिक आहेत.

स्काऊट चळवळीचा आरंभ १९०७ सालचा. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर पूल नावाचे बंदर आहे, त्यात ब्राउन्सी नावाचे लहानसे बेट आहे. रॉबर्ट बेडन-पॉवेल हे सेनापती सुमारे वीस मुले घेऊन ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात तेथे तंबू ठोकून राहिले. काही मुले बड्या घरची, मोठ्या नामांकित शाळांतली. तर काही जवळपासच्या कष्टकरी घरांतली. त्यांना एकत्र जेवावयास, झोपावयास आणि खेळावयास लावणे, ही त्या काळच्या इंग्लंडात मोठीच नवलाची गोष्ट होती. पुढल्या वर्षी, १९०८ च्या जानेवारीपासून, ह्या अनुभवावरचे त्यांचे 'स्काऊटिंग फॉर बॉईज' हे पुस्तक पाक्षिक भागांनी निघू लागले. असे सहा भाग निघाले.

येथे एक मौज झाली. बेडन-पॉवेल ह्यांच्या मनात नवी संघटना काढावयाची नव्हती. मुलांच्या ज्या संघटना आधीच चालू होत्या, त्यांनी ह्या पुस्तकाचा उपयोग करावा, एवढाच त्यांचा हेतू होता. परंतु पुस्तक मुलांच्या हाती पडले. मुलांनी आपापल्या गल्लीत, आपापल्या गावात स्वतःच टोळ्या बनवल्या, काठ्या आणि टोप्या मिळवल्या, आणि मग त्यांच्या लक्षात आले की आपल्याबरोबर एखादे मोठे माणूस हवे. तेव्हा ती मुले आपल्यासाठी मास्तर शोधीत फिरू लागली. म्हणजे संघटना आधी आणि मुले मागाहून, असे झाले नाही. मुले आधी तयार होती. उणीव होती ती मोठ्या माणसांची. शंभराहून अधिक वर्षे झाली, पण ती उणीव काही अजून भरलेली नाही. आपल्या पटांगणात त्या शनिवारी जे घडले, ते तेच होते.

मुलींची कथा त्याहून मजेची. १९०९ च्या सप्टेंबरात लंडनमधील क्रिस्टल पॅलेस येथे स्काऊट मुलांचा मोठा मेळावा भरला. दहा हजारांच्या वर मुले जमली. त्यांत काही मुलीही स्काऊटांसारखा पोशाख करून आल्या होत्या. त्यांना कोणी बोलावले नव्हते. "आम्हीही स्काऊट आहोत," असे त्यांचे म्हणणे. तेव्हाच्या समाजाला ही गोष्ट रुचणारी नव्हती, पण मुली मागे हटेनात. शेवटी १९१० मध्ये मुलींसाठी गर्ल गाईड ही निराळी संस्था सुरू झाली, आणि तिची धुरा बेडन-पॉवेल ह्यांची बहीण ॲग्नेस हिने उचलली. भाऊ चळवळीचा जनक म्हणून जगभर गाजला; बहिणीचे नाव आज किती जणींना ठाऊक आहे?

आता मी मूळ मुद्द्याकडे येते. स्काऊट आणि गाईड ह्या जरा जाणत्या मुलामुलींच्या संस्था. पण घरोघरी धाकटी भावंडे असतातच. दादा काठी घेऊन निघाला की आठ वर्षांचा धाकटा त्याच्या मागे लागणारच. ह्या धाकट्यांचे काय करावे, हा प्रश्न इंग्लंडातही पडला. इतक्यात १९१४ साली पहिले महायुद्ध सुरू झाले. जे तरुण मास्तर मुलांची पथके चालवीत, ते लढाईवर गेले. पथके बंद पडण्याची वेळ आली. अशा वेळी अनेक गावी बायका पुढे आल्या. त्यांत व्हेरा बार्कले नावाची एक तरुण मुलगी होती. ती लहान मुलांचे पथक चालवीत असे. बाईमाणसाला हे काम कसे जमेल, अशी शंका पुष्कळांच्या मनात होती. तिने १९१५ साली संस्थेच्या मासिकात लेख लिहून बाईने लहानग्यांना शिकवण कशी द्यावी हे सरळ सांगितले. पुढल्याच वर्षी मुख्य कचेरीत ह्या लहान मुलांच्या शाखेचे काम तिच्याकडे आले, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस वुल्फ कब, म्हणजे लांडग्याची पिल्ले, ह्या शाखेचे पुस्तक बेडन-पॉवेल ह्यांनी प्रसिद्ध केले.

लांडग्याची पिल्लेच का, ह्याचे उत्तर आपल्या शेजारीच आहे. रड्यार्ड किपलिंग ह्या लेखकाचा जन्म १८६५ साली आपल्या मुंबईत झाला. त्याचे 'जंगल बुक' १८९४ चे. मोगलीची गोष्ट आपल्या मुलांनी दूरदर्शनवर पाहिली आहे, आपणही पाहिली आहे. ती गोष्ट ज्या सिवनीच्या रानात घडते, ते सिवनी नागपूरच्या उत्तरेला, पेंचच्या जंगलाजवळ आहे. किपलिंगच्या संमतीने बेडन-पॉवेल ह्यांनी लहान मुलांच्या खेळासाठी ही गोष्ट घेतली. म्हणून जगभरच्या कब पथकांत पुढाऱ्याला 'अकेला' म्हणतात. आपल्या ताईंना मुले कधी कधी अकेला अशी हाक मारतात, ती ह्याचमुळे. आपल्याच भाषांतले शब्द असे सातासमुद्रापलीकडे फिरून पुन्हा आपल्या पटांगणात आले.

ह्या गोष्टीत एक प्रसंग आहे. तो मी पूर्वी कित्येकदा पाहिला होता, पण त्याचा अर्थ मला त्या रात्री कळला. माणसाचे मूल लांडग्याच्या गुहेत आले. लांडगीने त्याला आपल्या पिल्लांबरोबर जवळ घेतले. शेरखान वाघ ते मूल मागू लागला, तेव्हा ती त्याच्यावर उलटून धावली. आईच ती! पण पुढे पिल्लांना कळपात दाखल करून घेण्याची सभा भरते, तेव्हा मुलाला घ्यावे की नाही असा वाद पडतो. तेथे कळपाचा एक नियम सांगितला आहे. असा वाद पडला, तर त्या पिल्लासाठी कळपातील दोघांनी तरी बोलले पाहिजे. आणि ते दोघे त्याचे आईबाप असता कामा नयेत. लांडगी जीव द्यावयास तयार आहे, पण त्या सभेत तिच्या शब्दाला किंमत नाही. काही क्षण कोणीच बोलत नाही. मग पिल्लांना रानाचा कायदा शिकवणारे म्हातारे अस्वल, बल्लू, उठून मुलाच्या बाजूने बोलते. त्याच्या पाठोपाठ बघीरा हा काळा बिबळ्या एका बैलाचे मोल देऊ करतो. दोघांपैकी एकही लांडगा नाही, आणि मुलाचे नात्याचे तर कोणीच नाही. पण मूल वाचते ते त्या दोघांमुळे.

भगिनींनो, आपल्या मुलासाठी आपण काय करत नाही? डबा करतो, शिकवणी लावतो, आजारपणात रात्र रात्र जागतो. ह्या बाबतीत आपल्यापैकी कोणी उणी नाही. परंतु मूल घराबाहेर पाऊल टाकते, तेव्हा आईबापांच्या मायेने भागत नाही. त्याच्याकडे आपले म्हणून पाहणारी, त्याचे चुकले तर थांबवणारी, त्याने केले तर शाबासकी देणारी आणखी दोन माणसे लागतात. ती माणसे आकाशातून पडत नाहीत. ती म्हणजे शेजारच्या मुलाचे आईबाप. म्हणजेच आपण. मी तुमच्या मुलासाठी उभी राहिले, तरच तुमच्यापैकी कोणी तरी माझ्या मुलीसाठी उभे राहील. सगळ्याच फाटकापाशी थांबल्या, तर पटांगणात मुलांसाठी बोलणारे कोणीच उरणार नाही.

आता कोणी म्हणेल, त्या काळच्या इंग्लंडातल्या बायकांना नोकरचाकर होते, त्यांना काय जड! काहींना होतेही. पण बेडन-पॉवेल ह्यांच्या पत्नी ओलेव्ह ह्यांचे उदाहरण पाहा. १९१२ मध्ये त्यांचे लग्न झाले. १९१४ मध्ये त्यांनी गाईडच्या कचेरीकडे मदत देऊ केली, तेव्हा ती नाकारण्यात आली. संस्थापकाची पत्नी, तरी नकार! त्या रुसून बसल्या नाहीत. १९१६ साली ससेक्स परगण्यातील गाईडचे काम त्यांनी अंगावर घेतले, तेव्हा थोरला मुलगा जेमतेम अडीच-तीन वर्षांचा आणि मुलगी अगदी लहान. तिसरे अपत्य त्यानंतर झाले. दोनच वर्षांनी, १९१८ मध्ये, त्या साऱ्या देशाच्या मुख्य गाईड झाल्या आणि १९३० मध्ये जगाच्या. मुले मोठी होऊ देत, मग पाहू, असे त्या म्हणाल्या असत्या तर काय झाले असते, हे सांगता येत नाही. पण त्या तसे म्हणाल्या नाहीत एवढे खरे.

आपल्या देशात ही चळवळ १९०९ साली आली. बंगळूर येथे कॅप्टन बेकर नावाच्या अधिकाऱ्याने पहिले पथक काढले. त्यानंतर एक-दोन वर्षांत सिमला, मद्रास, जबलपूर आणि आपल्या खडकी व लोणावळ्यालाही पथके निघाली. १९११ साली जबलपूरला मुलींची पहिली गाईड कंपनी स्थापन झाली. परंतु आरंभी ह्या पथकांत प्रवेश असे तो युरोपियन आणि अँग्लो-इंडियन मुलांना. आपल्या मुलांना दार बंद होते. तेव्हा येथल्या मोठ्या माणसांनी काय केले? त्यांनी दारावर डोके आपटीत न बसता आपले अंगण निराळे केले. मद्रासला ॲनी बेझंट आणि जॉर्ज अरुंडेल ह्यांनी १९१६ मध्ये भारतीय मुलांसाठी स्काऊट संस्था काढली. उत्तरेत पंडित मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू आणि श्रीराम बाजपेयी ह्यांनी १९१८ मध्ये अलाहाबादला सेवा समितीची स्काऊट संस्था उभारली. कुंझरू हे नावाजलेले सार्वजनिक कार्यकर्ते आणि मालवीयजी तर काशीच्या हिंदू विश्वविद्यालयाचे संस्थापक. त्यांना कामे का थोडी होती? तरी मुलांच्या पथकासाठी त्यांनी वेळ काढला.

१९२१ मध्ये बेडन-पॉवेल हिंदुस्थानात आले आणि निरनिराळ्या संस्था पुष्कळशा एकत्र आल्या. सेवा समिती मात्र वेगळी राहिली. स्वातंत्र्यानंतर पंडित नेहरू आणि मौलाना आझाद ह्यांच्यासारख्यांनी मनावर घेतले आणि ७ नोव्हेंबर १९५० रोजी भारत स्काऊट्स आणि गाईड्स ही एकच संस्था झाली. पुढल्या वर्षी १५ ऑगस्टला मुलींची गाईड संस्थाही तिच्यात सामील झाली. आपल्या धाकट्या मुलींना 'बुलबुल' हे गोड नाव मिळाले ते भारतातच.

येथे आपल्याकडच्या रीतीविषयी एक गोष्ट सांगितली पाहिजे. आपल्याकडे हे काम मुख्यतः शाळांच्या आधाराने वाढले. शाळेतल्या बाई गाईड कॅप्टन, शाळेतले गुरुजी स्काऊट मास्तर. त्यामुळे खेड्यापाड्यांतील मुलांपर्यंत ते पोचले, हा मोठा लाभ झाला आणि त्याबद्दल शिक्षकांचे उपकार मानावे तितके थोडेच. पण त्याबरोबर एक तोटाही झाला. हे शाळेचे काम, आपले नव्हे, अशी आपणा आईबापांची समजूत होऊन बसली. गणवेष शिवून दिला, स्कार्फ धुऊन दिला की आपले कर्तव्य संपले! खरी कमाईचा दिवस आठवा. मुलांनी स्वतः कष्ट करून चार पैसे मिळवावे, ही त्यामागची कल्पना. प्रत्यक्षात आदल्या रात्री भेळेची चटणी आपण वाटतो, बटाटे आपण उकडतो, आणि मुले नुसती पुड्या बांधतात. ही खरी कमाई मुलांची की आईची? मुलांच्या हातून काम काढून घेणे म्हणजे पथकाला मदत करणे नव्हे. त्याच मुलांजवळ उभे राहून, "चिंच तू कोळ, मीठ तू घाल, चुकले तरी चालेल," असे म्हणणे, ही मदत. तिला वेळ थोडा अधिक लागतो आणि धीर पुष्कळ लागतो.

अमेरिकेत ह्याच गोष्टीचा निराळा मार्ग काढला गेला. तेथे १९३० साली लहान मुलांसाठी कब शाखा सुरू झाली, आणि तिचे छोटे छोटे गट आयांच्या घरीच भरू लागले. गटाला म्हणत गुहा, आणि ते काम पाहणाऱ्या आईला म्हणत डेन मदर, गुहेची आई. आठवड्यातून एक दिवस शेजारची सात-आठ मुले घरात येणार, पसारा करणार, खळ सांडणार, खाऊ खाऊन जाणार! ह्या गुहेच्या आयांनीच ती शाखा घरोघरी रुजवली. असे असूनही मोठ्या मुलांच्या पथकाचे मास्तरपद मात्र तेथे बायकांना कित्येक वर्षे मिळत नव्हते. कनेक्टिकट राज्यातील मिलफर्ड गावी १९७३ मध्ये एका स्काऊट पथकाला मास्तर मिळेना. गावातला एकही पुरुष पुढे आला नाही. तेव्हा कॅथरीन पोलार्ड नावाच्या बाईंनी ते पथक दोन वर्षे सांभाळले. संस्थेने त्यांना मास्तर म्हणून नोंदून घेण्यास नकार दिला. म्हणजे पुरुष येत नाहीत, आणि जी बाई येते ती चालत नाही! त्यांनी दाद मागितली. तो वाद न्यायालयात गेला आणि १९८७ मध्ये निकाल त्यांच्या विरुद्ध लागला. पण पुढल्याच वर्षी संस्थेने आपण होऊन नियम बदलला, आणि वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी पोलार्डबाई त्या संस्थेतल्या पहिल्या स्त्री स्काऊट मास्तर झाल्या.

हे वाचून मी थोडी ओशाळले. ज्या कामासाठी एका बाईने पंधरा वर्षे झगडा केला, ते काम ताई मला पिशवीत घालून हातात देत होत्या, आणि मी सतरंजीची वीण पाहत होते.

आता आपल्या नेहमीच्या अडचणींचा विचार करू. "मला ह्यातले काही येत नाही," ही पहिली अडचण. ती नवी नाही. तिच्यावरच तोड म्हणून १९१९ साली लंडनजवळ गिलवेल पार्क येथे मोठ्या माणसांचे प्रशिक्षण सुरू झाले. मुलांना शिकवण्याआधी मोठ्यांनीच तंबूत राहावे, गाठी बांधाव्या, चूल पेटवावी, भात करपवावा आणि पुन्हा करावा, अशी ती शाळा. आपल्याकडे पचमढीला संस्थेचे राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्र आहे, आणि जिल्ह्याजिल्ह्यांत शिबिरे होतात. जन्मजात अकेला कोणी नसते. शिवाय गाठी तर आपल्याला येतातच. नऊवारीचा काष्टा, पाळण्याची दोरी, लोणच्याच्या बरणीचे फडके, हे बांधता येणाऱ्या हातांना सपाट गाठ जड जाईल का?

दुसरी अडचण, "वेळ नाही." हे मात्र खरे आहे. नोकरी, घर, वडील माणसांचे दुखणेखुपणे, ह्यांतून वेळ काढणे सोपे नाही. पण ताईंनी एकटीने जे अकरा वर्षे केले, ते एकटीनेच केले पाहिजे असे कोठे आहे? त्या वहीत मी कामांची यादी पाहिली. हिशेब लिहिणे, गैरहजर मुलांच्या घरी चौकशी करणे, प्रथमोपचाराची पेटी भरून ठेवणे, सहलीला बरोबर जाणे, पावसाळ्यात सभागृहाची किल्ली आणणे, गोष्ट सांगणे, खेळ घेणे. सात कामे सात जणींनी वाटून घेतली, तर महिन्यातून एखादा शनिवार प्रत्येकीच्या वाट्यास येतो. बँकेत नोकरी करणाऱ्या बंधूंनी हिशेब पाहावा. दवाखान्यात काम करणाऱ्या भगिनींनी पट्टी बांधावयास शिकवावे. आणि हो, वडिलांनीही यावे. सभेला आलेले एकटे गृहस्थ दाराजवळच बसले होते, आणि मुलीच्या चपला हातात धरून होते. पुढच्या वेळी त्यांना सोबत मिळाली पाहिजे.

ह्यात केवळ सोयीचा प्रश्न नाही, सुरक्षिततेचाही आहे. मुलांबरोबर एकटेच मोठे माणूस असू नये, निदान दोघे तरी असावेत, असा दंडक आज परदेशांतल्या मोठ्या स्काऊट संस्थांनी घातला आहे. लहान मुलांच्या बाबतीत काही वाईट घडू नये आणि चांगल्या कार्यकर्त्यावर खोटा बोलही येऊ नये, ह्यासाठी तो आहे. कळपाच्या सभेतल्या त्या दोघांची आठवण मला येथे पुन्हा झाली.

तिसरी अडचण कोणी उघड बोलत नाही, पण ती असते. आपण गेलो तर आपले मूल लाजेल, किंवा आपल्याच मुलाला आपण झुकते माप देऊ. ह्याला उपाय आहे. आपल्या मुलाचा गट दुसरीकडे द्यावा आणि आपण दुसऱ्याच गटाबरोबर राहावे. धाकटीला मी हे विचारले, तेव्हा ती म्हणाली, "आई, तू आलीस तरी चालेल, पण माझी वेणी नीट करायला मध्येच येऊ नकोस." अट मला मान्य आहे.

चौथी अडचण, "माझी मुले आता मोठी झाली." मग तर फारच उत्तम! ज्यांच्या घरी आता पथकात जाणारे मूल नाही, त्यांचे बोलणे त्या सभेत सर्वांत मोलाचे. बल्लूला तरी स्वतःचे पिल्लू कोठे होते?

आता शेवटचे सांगते. आपल्यापैकी ज्या पुण्याला जातात, त्यांनी आळंदी रस्त्यावरचे 'संगम' हे ठिकाण एकदा पाहून यावे. जगभरच्या गाईड मुलींचे ते जागतिक केंद्र आहे. स्वित्झर्लंड, लंडन आणि मेक्सिको येथल्या केंद्रांनंतर जगातले ते चौथे केंद्र झाले. त्याचे उद्घाटन १६ ऑक्टोबर १९६६ रोजी ओलेव्ह बेडन-पॉवेल ह्यांनी केले. तेव्हा त्या सत्त्याहत्तर वर्षांच्या होत्या. ज्यांची मदत एके काळी नाकारली गेली, ज्यांनी मांडीवर मूल असताना कामाला आरंभ केला, त्याच बाई पन्नास वर्षांनी आपल्या पुण्यात येऊन दूरदेशीच्या मुलींसाठी दार उघडून देत होत्या. त्या मुली त्यांच्या कोण होत्या? कोणीच नव्हत्या, म्हणूनच त्यांच्यासाठी बोलण्याचा अधिकार त्यांना होता.

आपले मंडळ ज्या बायकांनी सुरू केले, त्यांनीही दुसऱ्यांच्या लेकीसुनांना शिवण शिकवले, दुसऱ्यांच्या मुलांसाठी बालवाडी काढली. त्यांच्या नावे आज आपण हा वर्धापनदिन साजरा करीत आहोत. त्यांच्या तसबिरीला हार घालणे सोपे आहे. त्यांनी केले तसे काही थोडे करणे त्याहून चांगले.

मी ताईंकडे जाऊन हिशेबाची वही आणि किल्ली घेऊन आले आहे. वही माझ्या कपाटात आहे. शिट्टी, दोरांची पिशवी आणि प्रथमोपचाराची पेटी अजून त्यांच्याच घरी आहे. ताई निघण्याआधी चार शनिवार उरले आहेत, आणि शिकवून जाईन असे त्या म्हणाल्या आहेत. येत्या शनिवारी सायंकाळी पाच वाजता मुलांना पोचवावयास याल, तेव्हा फाटकाशी थांबू नका. आत या. सतरंजी अंथरलेली असेल. पण ह्या वेळी आपण एकमेकींकडे पाहू.